म्हशी बघायला म्हणून नेलं आणि शाळेत सोडलं

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या एका आईचं पत्र आलंय. थोडक्यात असं: "मावशी, मुलगा साडेतीन वर्षांचा. जूनपासून बालवाडीत घातलाय. सकाळी उठतो, दूध पितो, सगळं बरं असतं. चप्पल घाल म्हटलं की शिलाई मशीनच्या मागं जाऊन बसतो. ओढलं की अंग सैल सोडतो. मिस्टर शिरोलीला कामाला, सातलाच जातात. मला दहाला ऑफिस गाठायचं असतं. मग सासरे 'चल, म्हशी बघून येऊ' म्हणून त्याला गाडीवर बसवतात आणि शाळेत सोडून येतात. महिनाभर हे चाललं. आता तेही चालेना. गेल्या रविवारी आम्ही खरोखर रंकाळा तलावावर निघालो, तर तिथंही येईना. तासभर रडला. सासूबाई म्हणतात, लाडानं बिघडलाय. काय करू?"

पोरी, बिघडला बिघडला काही नाही. त्याचा हिशेब पक्का आहे. म्हशी म्हणाले, म्हशी नव्हत्या. मग रंकाळा म्हणाले, तर रंकाळा तरी कशावरून असेल? दारात मोठी माणसं सांगतात ते खरं नसतं, एवढं त्याला कळलंय. साडेतीन वर्षांच्या मानानं हुशारच म्हणायचा.

मी हे ऐटीत सांगतेय, पण माझा धाकटा तीन वर्षांचा असताना मीही त्याला "डॉक्टरकाका नुसतं बघणार" म्हणून नेलं आणि टोचून आणलं. त्या दिवसाचं काम झालं. पुढं वर्षभर त्या रस्त्यानं भाजी आणायला निघालं तरी पोरगं कोपऱ्यावर भोकाड पसरायचं. इंजेक्शनचं दुखणं संध्याकाळपर्यंत गेलं होतं, राग मात्र गेला नव्हता.

तेव्हा पहिलं काम म्हणजे म्हशी बंद. हे मामंजींना कसं सांगायचं, हा तुझा खरा प्रश्न असणार. त्यांना चूक दाखवू नकोस. सकाळच्या गडबडीत तुझी अडचण बघून त्या माणसानं आपल्या परीनं वाट काढली. "मामंजी, तो तुमचंच ऐकतो, तुम्हीच त्याला खरं सांगा, माझ्याच्यानं होत नाही," असं म्हण. नातवाच्या बाबतीत एवढा मान मिळाला की कुठलाही आजोबा तयार होतो.

खरं म्हणजे काय सांगायचं? "आज शाळा आहे. डबा खाल्ला, गाणी झाली, की आजोबा दारात उभे." बस्स. "साडेबाराला येतो" या वाक्याला त्याच्या लेखी काही अर्थ नाही, "पाच मिनिटांत निघायचंय" यालाही नाही. त्याला डबा कळतो, गाणी कळतात. घरीही तसंच: "अजून तीन वेळा गाडी पळव, मग चप्पल." तिसऱ्यांदा पळवली की निघायचंच. आणि आजोबा म्हणाले तसे दारात दिसलेच पाहिजेत. पहिले पंधरा दिवस तरी उशीर नको, वाटेत कुणाशी गप्पा नकोत. कोल्हापुरात हे अवघड आहे, माहीत आहे मला.

खरं सांगितल्यावर पहिल्या दिवशी तो जास्तच रडेल. त्याला घाबरून परत म्हशी काढू नका.

आता ते मशीनच्या मागचं. तिथून ओढून काढायचं नाही. तूच जाऊन शेजारी फरशीवर बैस, एक मिनिट. "नको वाटतंय व्हय?" एवढंच विचार. मग त्याला काम दे. "आजोबांची पायताणं कुठायत बघ की, त्यांना सापडेनात." रॅकमधनं ती जड कोल्हापुरी दोन्ही हातांनी उचलून, छातीशी धरून तो आणेल, एक डावं एक उजवं बघून आजोबांच्या पायाशी ठेवेल, आणि तोवर तो दारात आलेला असेल. या वयाच्या पोराला खेळातनं उचलून न्यायचं म्हटलं की तो हटून बसतो. हातात काम असलं की स्वतः चालत येतो. कडी लावायला दे, गाडीपर्यंत डबा धरायला दे. आणि "जायचं का?" असं चुकूनही विचारू नकोस. विचारलंस की "नाही" म्हणायचा त्याला हक्क आहे. "आधी डावा पाय का उजवा?" असं विचार.

तरी एखाद्या दिवशी उचलून न्यावं लागेल. मग उचल, पण भाषण न देता.

मात्र शाळेतल्या बाईंना एकदा नीट विचार, आजोबा वळल्यावर किती वेळ रडतो? थोड्या वेळात खेळायला लागत असेल तर काळजी नको. सगळा वेळ रडत असेल, डबा तसाच परत येत असेल, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं असेल, किंवा एखाद्या माणसाचं नाव काढलं की गप्प होत असेल, तर प्रश्न दाराचा नाही, शाळेचा आहे. मग रजा टाकून तिथं जाऊन बस, बघ, आणि पटलं नाही तर सरळ शाळा बदल. आणखी एक, जे लाजून कुणी विचारत नाही: सकाळी पोट साफ होतं का? कितीतरी पोरं शाळेतल्या संडासाच्या धास्तीनं शी दाबून धरतात आणि मग शाळाच नको म्हणतात. घरी सकाळी पंधरा मिनिटं आधी उठवून निवांत बसवायचं. आधी उठवायचं म्हणजे आधी झोपवायचंही आलं. तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची धरून १० ते १३ तास झोप लागते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रात्री अकरापर्यंत मोबाईल बघणारं पोरगं सकाळी कुरकुरणारच.

सासूबाईंचं मनावर घेऊ नकोस. त्यांच्या वेळी बालवाडी गल्लीत असायची आणि घरात सोडायला चार माणसं असायची.

आणि म्हशींची उधारी फेडायची राहिलीय. या रविवारी संध्याकाळी मामंजींनी त्याला खरोखर गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर न्यावं. वाटेत दुसरं कुठलंही काम काढायचं नाही, अगदी कोथिंबिरीचंसुद्धा. म्हैस बघायची, समोर काढलेलं दूध घ्यायचं, घरी आणून उकळून प्यायला द्यायचं. किटली त्याच्याच हातात दे. रिकामी जाताना तरी.