यू-48 चा इंजिनियर

बाळा,

तुझं पत्र मिळालं. एरिक झ्युर्नबद्दल तू इतकं मन लावून वाचलंस, फार बरं वाटलं. इंजिनरूममध्ये उतरण्याआधी एखाद्या चीफ इंजिनियरचं काम असं जवळून पाहायलाच हवं. पण तू ते अर्धंच पाहिलंस, म्हणून लिहितोय.

झ्युर्न यू-48 चा मुख्य अभियंता. दुसऱ्या महायुद्धात या जर्मन पाणबुडीने पन्नासच्या वर जहाजं बुडवली, इतकी दुसऱ्या कुठल्याच पाणबुडीने नाही. 1941 च्या एप्रिलमध्ये त्याला नाइट्स क्रॉस हे जर्मनीचं मानाचं युद्धपदक मिळालं, आणि इंजिनियरच्या वाट्याला ते क्वचितच यायचं.

तुला डिझेल इंजिनांचं कौतुक वाटलं. मला विचारशील तर खरी कसोटी ट्रिमची, म्हणजे पाण्याखाली पाणबुडीचा तोल राखण्याची. पाण्याखाली पाणबुडीचं वजन आणि तिने सारलेल्या पाण्याचं वजन जुळलंच पाहिजे, आणि ते रोज बिघडतं. इंधनाच्या टाकीत डिझेल संपेल तसं खालून समुद्राचं पाणी भरतं. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणजे इंधन जळेल तशी पाणबुडी जड होते! उलट माणसं शिधा खातात, तशी ती हलकी होते. पाण्याचा खारटपणा बदलला की हिशेब पुन्हा मांडायचा. पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, दीड टनाच्या घरातला. तो सुटला की लगेच पाणी आत घ्यायचं, नाहीतर नाक वर येऊन शत्रूला दिसतं. पेरिस्कोपला डोळा कप्तानाचा. अभियंत्यापुढे फक्त खोली दाखवणारा काटा.

आता उरलेलं अर्धं.

17 सप्टेंबर 1940 ची रात्र, अटलांटिकला उधाण. यू-48 च्या पाणतीराने 'सिटी ऑफ बनारस' हे ब्रिटिश प्रवासी जहाज बुडालं. बॉम्बहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी कॅनडाला धाडलेली 90 ब्रिटिश मुलं त्यावर होती. त्यांतली 77 गेली. खलाशांत आपले हिंदी लोक पुष्कळ होते, तेही मोठ्या संख्येने गेले. एका लाइफबोटीत 46 जण आठ दिवस तरंगत राहिले. त्यांत सहा मुलगे होते, आणि बहुतेक बाकीचे हिंदी खलाशी.

तू म्हणशील, काका, यात झ्युर्नचा काय दोष? हुकूम कप्तान ब्लाइखरोटचा होता, आणि मुलं आहेत हे पाणबुडीवर कुणाला ठाऊक नव्हतं. कबूल. पण ट्रिमचा तो हिशेब चोख नसता, तर यू-48 त्या रात्री तिथे पोचलीच नसती. आपल्या कामाला हे चिकटलेलंच असतं, आणि कॉलेजात ते कुणी सांगत नाही. मलाही कुणी सांगितलं नव्हतं. तुझ्या अक्षरात ते कौतुक वाचलं आणि रात्री झोप लागली नाही.

जहाजावर रुजू झालास की पहिल्या आठवड्यात दोन कामं कर. बिल्ज (तळाशी साचणारं पाणी) आणि बॅलास्ट (तोलासाठी भरलेलं पाणी) यांच्या पाइपलाइनींचा नकाशा स्वतः काढ. ड्रॉइंगवरून नाही, जमिनीवरच्या प्लेटा उचलून, पाइपांमागे रांगत जाऊन. आणि चीफ ऑफिसरला विचार, होल्डमध्ये, म्हणजे मालाच्या कोठारात, काय भरलंय, कुणासाठी, कुठे उतरणार. दोन्ही एकाच वहीत लिही. सुट्टीवर येशील तेव्हा ती वही घेऊन ये.

तुझा,
काका