‘टूल बदलू का?’ : बिल्डविषयी वाचकांचे प्रश्न

लिहिलेला कोड कंपाइल करणं (मशीनच्या भाषेत बदलणं), लायब्ऱ्या आणणं, टेस्ट चालवणं आणि शेवटी चालणारा प्रोग्राम हातात देणं, ही हमाली ज्याच्याकडून करून घेतो ते बिल्ड टूल. या वेळचे बहुतेक प्रश्न त्याचेच आहेत, आणि बहुतेकांना टूल बदलायची घाई झालेली दिसते.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमचं चार जणांचं युनिट आहे. फौंड्रीच्या भट्टीसाठी कंट्रोलर बनवतो. प्रोग्राम सी भाषेत, बिल्ड जुन्या मेकफाइलवर. कधीकधी कोड बदलूनही कंट्रोलर जुन्यासारखाच वागतो. ‘मेक क्लीन’ करून पुन्हा बिल्ड केलं की ठीक होतं. नवा इंजिनिअर म्हणतो, मेक आता जुनं झालं, बेझल घ्या. घ्यावं का?

नको. आधी दुखणं कुठं आहे ते बघू.

मेक हे टूल मेकफाइलमधल्या सूचनांप्रमाणे बिल्ड करतं. ते सोर्स फाइलीच्या आत काय लिहिलंय ते बघत नाही, फक्त ती शेवटची कधी बदलली ती वेळ बघतं. सोर्स फाइल तिच्यापासून कंपाइल झालेल्या ऑब्जेक्ट फाइलपेक्षा नवी असेल तर कंपाइल, नाहीतर पुढे. तुमच्या धंद्यातलंच उदाहरण घ्या. वाळूचा साचा दर ओतकामाला नवा, पण पॅटर्न बदलला नसेल तर तो पुन्हा कोणी बनवत बसत नाही. मात्र ड्रॉइंग बदललंय हे पॅटर्नवाल्याला कोणीतरी सांगावं लागतं. माझा अंदाज असा, की तुमच्या मेकफाइलमध्ये हेडर फाइलींचा (अनेक सी-फाइली मिळून वापरतात त्या सामायिक फाइलींचा) उल्लेखच नाही. तुम्ही हेडरमध्ये तापमानाची मर्यादा 1450 ची 1500 केली, पण एकाही सी-फाइलीला हात लावला नाही. मेकच्या लेखी काहीच बदललं नाही. त्याहून वाईट म्हणजे एखादीच सी-फाइल बदलली, तर ती 1500 धरून चालते आणि बाकीच्या 1450. भट्टीशेजारी माणसं उभी असतात, त्यामुळे हे आजच दुरुस्त करा.

उपाय दोन ओळींचा आहे. जीसीसीला ‘एमएमडी’ आणि ‘एमपी’ हे पर्याय द्या. कोणती फाइल कोणते हेडर ओढते याची यादी कंपायलर स्वतःच ‘डॉट डी’ फाइलींत लिहून ठेवतो. त्या फाइली मेकफाइलमध्ये इन्क्लूड करा, झालं.

दुसरा संशय पेनड्राइव्हवर. तुमचा कोड पेनड्राइव्हवरून या मशीनवरून त्या मशीनवर फिरतो का? एखाद्या जुन्या पीसीची बॅटरी गेलेली असते, घड्याळ मागे पडलेलं असतं, आणि तिथं बदललेली फाइल वेळेनुसार जुनी ठरते. मेक तिला सोडून देतं. कोड गिटवर (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलवर) ठेवलात तर हा घोळ टळतो, कारण गिट एखादी फाइल बदलतं तेव्हा तिच्यावर त्याच मशीनची चालू वेळ पडते.

आता बेझल. गूगलने आपलं आतलं ‘ब्लेझ’ हे टूल 2015 मध्ये या नावानं खुलं केलं. ते वेळ बघत नाही, मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) बघतं, म्हणजे तुमचं दुखणं त्यात मुळातच कमी. पण ते शेकडो इंजिनिअर आणि अवाढव्य कोड यांच्यासाठी घडलेलं आहे. चार कांड्या उसासाठी कोणी साखर कारखाना काढत नाही. उद्या विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे बिल्ड करायची वेळ आली तर सीमेक घ्या. ते स्वतः बिल्ड करत नाही, मेक किंवा निन्जा या बिल्ड टूलसाठी लागणाऱ्या फाइली तयार करून देतं, आणि हेडरचा हिशेबही तेच ठेवतं.

प्रश्न : सर, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. स्प्रिंग बूटमध्ये प्रोजेक्ट आहे. मेव्हन की ग्रेडल?

मेव्हन. दोन्ही जावाची बिल्ड टूलं, पण मेव्हनमध्ये फोल्डरची ठरलेली रचना, बिल्डची माहिती असलेली एक पॉम फाइल, आणि तुझ्याआधी हजारो जणांनी खाल्लेल्या एररची उत्तरं तयार. ग्रेडलची स्क्रिप्ट म्हणजे ग्रूव्ही किंवा कोटलिनमधला प्रोग्रामच असतो. मोकळीक भरपूर, पण व्हायव्हाच्या आदल्या रात्री ती मोकळीक अंगावर येते. व्हायव्हात कोणी विचारलंच, तर स्प्रिंग बूट स्वतः 2020 मध्ये मेव्हनवरून ग्रेडलवर आलं हे माहीत असू दे. बिल्डला लागणारा वेळ हे त्यांचं कारण होतं, तुझं नाही. अँड्रॉइड अॅप करणार असशील तर मात्र ग्रेडलच.

प्रश्न : राजारामपुरीत आम्ही दोघी मैत्रिणी वेबसाइटची कामं घेतो. जुने प्रोजेक्ट ‘क्रिएट रिअॅक्ट अॅप’वर आहेत. व्हिटवर न्यावेत का?

न्या. दोन्ही वेबसाइटचा जावास्क्रिप्ट कोड बिल्ड करणारी टूलं, पण क्रिएट रिअॅक्ट अॅप फेब्रुवारी 2025 मध्ये रिअॅक्टवाल्यांनीच अधिकृतपणे मोडीत काढलं. (‘व्हिट’ हा फ्रेंच शब्द, त्याचा उच्चार ‘वीट’ असा आहे. पण वापरून वीट येत नाही, हा स्वानुभव.) सगळे प्रोजेक्ट एकदम नेऊ नका, ज्यात पुढचे बदल येणार आहेत तेवढेच.

एक ठेच आधीच सांगतो. जुन्याचं आउटपुट ‘बिल्ड’ फोल्डरमध्ये जायचं, व्हिटचं ‘डिस्ट’मध्ये जातं. सर्व्हरवर फाइली चढवणारी तुमची स्क्रिप्ट जुनंच फोल्डर उचलत राहील, एररही येणार नाही, आणि ग्राहक फोन करेल, ‘ताई, काहीच बदललं नाही की हो!’ पहिलं काम म्हणून ते जुनं फोल्डर डिलीट करा. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची नावंही बदलावी लागतात, आणि इंडेक्स फाइल ‘पब्लिक’मधून बाहेर, प्रोजेक्टच्या मुळाशी आणावी लागते.

प्रश्न : माझ्याकडे बिल्ड होतं, दुसऱ्याच्या लॅपटॉपवर होत नाही. कोणतं टूल घेतलं तर हे थांबेल?

कोणतंच नाही. माझीच फजिती ऐका. एका साखर कारखान्याच्या ऑफिसात डेमो होता. लॅपटॉप नवा, कोड कॉपी केलेला. ग्रेडल रॅपर (ठरलेलं ग्रेडल उतरवून चालवणारी छोटी स्क्रिप्ट) चालवला, तर तो आधी ग्रेडलची शंभरेक एमबीची झिप उतरवायला बसला. नेट असं, की दहा टक्के होईपर्यंत दोन चहा झाले. ‘ऑफलाइन’ पर्याय देऊन बघितला, काही फरक नाही. तो पर्याय ग्रेडल सुरू झाल्यावर लागू होतो, आणि इथं ग्रेडलच यायचं होतं.

तेव्हापासून डेमोच्या आदल्या दिवशी कोऱ्या मशीनवर, गिटवरून कोड घेऊन, बिल्ड करून बघतो. चुका तिथंच सापडतात. गिटइग्नोरमध्ये (गिटनं काय घ्यायचं नाही त्या यादीत) सगळ्या जार फाइली, म्हणजे जावाचे बांधलेले गठ्ठे, वगळलेल्या असतात, त्यात रॅपरची जारही जाते. जावास्क्रिप्टमध्ये लॉक फाइल (लायब्ऱ्यांच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) गिटमध्ये ठेवलेली नसते. ती ठेवा, आणि नव्या मशीनवर ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ चालवा. ते लॉक फाइलीतल्याच आवृत्त्या बसवतं, आणि पॅकेज फाइलीशी मेळ बसला नाही तर सरळ थांबतं.

प्रश्न : मेकफाइलमध्ये स्पेस दिली की एरर, टॅब दिला की चालतं. हा काय प्रकार?

स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये मेक लिहिलं. कमांडची ओळ टॅबनंच सुरू व्हायला हवी हा त्यातला नियम. ही टॅबची चूक त्यांच्या लक्षात आली तोवर डझनभर लोक ते वापरायला लागले होते, त्यांची मोडतोड नको म्हणून त्यांनी ती तशीच ठेवली. त्या डझनभरांचं आपण अजून फेडतोय. एडिटरमध्ये टॅब डोळ्यांना दिसतील अशी सेटिंग करून घ्या.