जिताडा गळाला लागतो, पण दोर तुटतो

प्रश्न : खाडीत जिवंत कोळंबी लावून जिताड्यासाठी गळ टाकतो. मासा लागतो, उडी मारतो आणि तंगूस (नायलॉनचा दोर) गळाजवळच तुटतो. आणखी जाड तंगूस घ्यावा का? – एक वाचक, अलिबाग

उत्तर : सगळा तंगूस बदलू नका. जिताड्याच्या कल्ल्यांच्या झाकणाची कड धारदार असते, तोंड आतून कानशीसारखे खरखरीत. उडी मारून तो डोके झटकतो तेव्हा ताणलेला तंगूस तिथेच कापला जातो. मुख्य दोर २० पौंड ताण सोसणाराच ठेवून पुढे हातभर ४० ते ६० पौंडांचा लीडर (गळाजवळचा जाड तुकडा) बांधा. रिळाचा ड्रॅग (किती ताणावर दोर सुटू लागेल हे ठरवणारा ब्रेक) दोराच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश; पूर्ण आवळला तर गळ सरळ होतो किंवा तोंड फाटते. मासा वर येऊ लागला की काठीचे टोक खाली, पाण्याजवळ न्या, पण दोर ढिला सोडू नका.

लीडर दर माशानंतर बोटांनी चाचपा. खरखरीत लागला तर तेवढा तुकडा कापून गाठ नव्याने मारा. हे बहुतेकजण टाळतात.

आणि मीटरभराचा जिताडा आला तर कृपा करून सोडा. हा मासा आधी नर असतो, वाढल्यावर मादी होतो; एवढा मोठा मासा जवळपास नेहमी अंडी देणारी मादीच.