कॉलेजच्या मुलांना स्वतः विचार करायला कसं शिकवायचं? माझ्या वर्गात ११० जण आहेत, कुणी तोंड उघडत नाही.

उघडतात हो. "मॅडम, हे आयएमपी आहे का?" एवढ्यापुरतं सगळेच उघडतात.

मी तालुक्याच्या एका कॉलेजात नऊ वर्षं सीएचबीवर फिजिक्स शिकवलं. म्हणजे तासावर पैसे, आणि तेही येतील तेव्हा. तुम्ही परमनंट असाल तर पुढचं थोडं सोपं जाईल.

एफवायला साध्या लंबकाचं प्रॅक्टिकल असतं. दरवर्षी सगळ्या बॅचच्या जर्नलात 'जी'ची, म्हणजे गुरुत्व त्वरणाची, किंमत बरोब्बर ९८० (सेंमी प्रति सेकंद वर्ग). आपल्या भागात खरी किंमत ९७८-९७९च्या दरम्यान, आणि आमच्या स्टॉपवॉचवर एवढं नेमकं उत्तर यायचं म्हणजे चमत्कारच. सिनियरचं जर्नल समोर ठेवायचं, उत्तर आधी लिहायचं, रीडिंग मागाहून बसवायची. हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे सही करत होते. मीसुद्धा चार वर्षं केली.

पाचव्या वर्षी म्हटलं, जर्नलं बॅगेत. फॉर्म्युला नको. गोळा जड केला तर आंदोलनाला जास्त वेळ लागेल का? लांब खेचून सोडला तर? आधी अंदाज कागदावर लिहा, खाली नाव टाका, मग मोजा. नाव टाकायला लावलं की पोरं दचकतात, कारण मग "मला तसंच वाटलं होतं" म्हणता येत नाही.

पहिला तास फुकट गेला. एकाने विचारलं, "पुस्तकात चार-पाच डिग्रीच लिहिलंय, जास्त खेचू का?" मी म्हटलं, का लिहिलंय तसं? गप्प. मागच्या टेबलावर एक मुलगी होती, रोज एसटीने यायची, वर्षभरात "प्रेझेंट मॅडम" सोडून तिचा आवाज ऐकला नव्हता. तिने सरळ ६० डिग्रीपर्यंत खेचून सोडला. एक मीटर दोरा, दहा आंदोलनं. लहान कोनाला २० सेकंद आले होते, आता २१.३. परत केलं, तेच. पार्टनर म्हणाला, तुझं बोट उशिरा पडतंय. तिने स्टॉपवॉच त्याच्याच हातात दिलं. पुन्हा तेच.

"मॅडम, पुस्तक चुकलंय का मी?"

मी उत्तर दिलं नाही. जिभेवर आलेलं गिळणं फार अवघड असतं, शिकवणाऱ्यांना तर फारच. पुढच्या आठवड्यात ती दर दहा डिग्रीला रीडिंग घेऊन आलेख काढून आली. वीसपर्यंत जवळजवळ सपाट, पुढे वर जाणारा. आणि खाली पेन्सिलने लिहिलेलं: "म्हणून चार-पाच."

मग युनिव्हर्सिटीची प्रॅक्टिकल परीक्षा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ओरलला विचारलं, आंदोलनकाल खेचण्यावर अवलंबून असतो का? ती म्हणाली, मोठ्या कोनाला असतो. त्यांना "नाही" हवं होतं. जर्नलातल्या दुसऱ्या, ६० डिग्रीच्या रीडिंगच्या टेबलात 'जी' ८७० आला होता, त्यावर लाल फुली. मार्क गेले. आमचे एचओडी, म्हणजे विभागप्रमुख सर, स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत म्हणाले, "मॅडम, तुमच्या हौसेपायी पोरीचे सोळा मार्क गेले. पोर्शन संपवा, विचार ती घरी करेल."

तर तुमचा प्रश्न. 'क्रिटिकल थिंकिंग'वर वेगळं लेक्चर ठेवू नका, पीपीटी तर अजिबात नको. ११० जणांना हार्वर्डच्या एरिक माझूर यांची पद्धत चालते, ती त्यांनी १९९० च्या दशकात सुरू केली: मधेच एक फसवा प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर ठरवायचं, मग ज्याचं उत्तर वेगळं त्याच्याशी भांडायचं, मग पुन्हा मत द्यायचं. उत्तर नोंदवायचं बटणांचं यंत्र (क्लिकर) नको, बोटं दाखवली तरी भागतं. मात्र डोळे मिटून दाखवायला लावा, नाहीतर सगळे पहिल्या बाकाकडे बघून बोटं वर करतात.

आणि फीडबॅक फॉर्मवर "मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच विचारतात" असं येणार, त्याची तयारी ठेवा. माझ्या प्राचार्यांनी ते मला वाचून दाखवलं होतं. २०१९ मध्ये हार्वर्डच्याच फिजिक्सच्या वर्गांवरचा एक अभ्यास आला: ज्यांना स्वतः खटपट करायला लावली ते चाचणीत पुढे होते, पण त्यांना स्वतःला वाटत होतं की आपण कमी शिकलो. छान लेक्चर ऐकलं की समजल्यासारखं वाटतं, इतकंच. हा पेपर मला चार वर्षं आधी हवा होता.

एक कबूल करते. माझं हे जमलं ते वीसच्या बॅचमध्ये. दोनची गाडी पकडणाऱ्या पोरांना "चर्चा करा" म्हटलं की ती घड्याळच बघतात. गटात दोन मुलगे बोलतात, मुली लिहून घेतात, त्यावर मला उपाय सापडला नाही. आणि परीक्षेत काय विचारतात हे पोरांना आधी स्पष्ट सांगा: परीक्षकाला "लहान कोनाला नाही" असं उत्तर द्यायचं. मी ते सांगितलं नव्हतं. तेवढी चूक माझी.

बाकी, एचओडी सर, हे वाचत असाल तर: मोठ्या कोनाला वेळ वाढतो हे एसवायच्या ऑसिलेशन्समध्ये तुम्हीच शिकवायचात. कोन रेडियनमध्ये घ्या, वर्ग करा, सोळाने भागा. ६० डिग्रीला सुमारे सात टक्के येतं. पोरीचं रीडिंग बरोबर होतं.

आणि तिचे गेलेले मार्क सहा होते. सोळा नव्हे.