आवाज, गिळणं आणि श्वास : या विषयात सर्जन संशोधन करतो म्हणजे नेमकं काय करतो?

तुम्ही लिहिलंय की ईएनटीच्या एमएसचं दुसरं वर्ष चालू आहे, कान आणि सायनसमध्ये जीव रमत नाही, ओढा स्वरयंत्राकडे आहे. पण सिनियर म्हणतात, त्यात कसलं आलंय संशोधन, पेपर छापायचे नि सीव्ही वाढवायचा. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरात सोळा-सतरा वर्षं हेच काम करतोय. निम्मी ओपीडी आवाजाची, उरलेल्यात ठसका लागणारे आणि गळ्यात नळी असलेले. सिनियरांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे.

आधी एक गोष्ट पक्की करा. हे तीन विषय नाहीत. स्वरयंत्रात जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या आहेत. त्या उघडल्या की श्वास, घट्ट मिटल्या की घास श्वासनलिकेत न जाता खाली अन्ननलिकेत, आणि हलक्या टेकून थरथरल्या की आवाज. एकच दार आणि तीन भाडेकरू. एकाची सोय करायला जावं तर दुसरा तक्रार घेऊन उभा. या क्षेत्रातलं जवळजवळ सगळं खरं संशोधन त्या तिघांच्या भांडणाचा हिशेब आहे.

थायरॉइडच्या ऑपरेशननंतर या पट्ट्या हलवणाऱ्या दोन्ही बाजूंच्या नसा गेलेली एक भाजीवाली माझ्याकडे आली होती. दोन्ही पट्ट्या मधोमध अडकलेल्या, म्हणून श्वासासाठी गळ्याला भोक पाडून घातलेली ट्रॅकिऑस्टॉमीची नळी. अशा वेळी लेसरने एका पट्टीचा मागचा भाग कापतात. डेनिस आणि काशिमा यांनी १९८९ मध्ये मांडलेली ही कॉर्डोटॉमी. वाट मोकळी होते, नळी निघते, पण आवाज फुसफुसा होतो. मी बाईंना जिना चढताना धाप कशी कमी लागेल ते समजावत होतो. त्यांनी नळीवर बोट दाबलं आणि ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर, माझ्या घराला जिनाच न्हाई. बाजारात हाक मारता आली पायजे." आता सांगा, किती मिलिमीटर कापायचं? याचं उत्तर पुस्तकात नसतं. आपल्याच पेशंटांच्या नोंदी नीट ठेवल्या असतील तर थोडंफार सापडतं.

करिअर कसं घडतं म्हणून विचारलंत, तर मी जपानमधल्या क्योतोचे सर्जन नोबुहिको इश्शिकी यांचं उदाहरण देईन. १९६४ मध्ये त्यांनी एक वरवर रूक्ष पेपर लिहिला : माणूस आवाज चढवतो तेव्हा नेमकं काय वाढतं, फुप्फुसातून येणारी हवा की पट्ट्यांनी केलेला अडथळा? मोजल्यावर दिसलं की खालच्या सुरात अडथळा महत्त्वाचा आणि अगदी वरच्या सुरात हवा. ऑपरेशनचा यात मागमूस नाही. मग १९७४ मध्ये थायरोप्लास्टी आली, आधी कुत्र्यांच्या स्वरयंत्रावर आणि मग माणसांत. कल्पना अशी की थरथरणाऱ्या पट्टीला हातच लावायचा नाही. तिच्या बाहेरच्या कूर्चेची चौकट बदलायची. एका प्रकारात पट्टी आत ढकलायची, दुसऱ्यात बाहेर, तिसऱ्यात सैल करायची, चौथ्यात ताणायची. सतार दुरुस्त करणारा तारेला हात न लावता घोडीशी खटपट करतो, तसंच काहीसं.

हे ऑपरेशन एकदा तरी थिएटरात उभं राहून बघा. पेशंट जागा असतो. मानेवर लोकल भूल, कूर्चेत छोटी चौकोनी खिडकी, त्यातून सिलिकॉनचा तुकडा आत. एका पट्टीला लकवा झालेल्या शाळेच्या बाईंना मी टेबलावर वर्गाची हजेरी घ्यायला लावली होती. रोल नंबर चारपर्यंत नुसती हवा. तुकडा थोडा आत गेला आणि सहाव्या नंबरला आवाज लागला. आणखी आत ढकलला तर नवव्याला गळा आवळल्यासारखा. पुन्हा मागे. भूलतज्ज्ञ, सिस्टर, वॉर्डबॉय सगळे कान देऊन उभे. एक मात्र लक्षात ठेवा. अर्ध्या-पाऊण तासात आतली सूज चढते आणि तीच आवाज चांगला करून दाखवते. त्या आवाजावर भाळून तुकडा छोटा बसवलात तर सूज उतरल्यावर बाई पुन्हा फुसफुसत दारात.

त्याच १९७४ मध्ये जपानच्याच कुरुमे विद्यापीठातल्या मिनोरू हिरानो यांनी पट्टीची थरांची रचना मांडली : आत स्नायूचं अंग आणि त्यावर सरकणारं मऊ आवरण. सूक्ष्मदर्शकाखालच्या या कामाने सर्जनचे हात बदलले. त्याआधी गाठ आली की आवरणच सोलून काढत. हिरानोंनंतर कळलं की सोलतोय तोच तर आवाज आहे.

याची काळी बाजूही बघा. लकवा झालेली पट्टी फुगवण्यासाठी ब्र्युनिंग्स यांनी १९११ मध्ये पॅराफिन टोचलं, अर्नोल्ड यांनी १९६२ मध्ये टेफ्लॉन. टेफ्लॉनचा आवाज लगेच छान यायचा. काही पेशंटांत वर्षांनी त्याभोवती दाहाच्या गाठी व्हायच्या, आवाज बसायचा, कधी श्वास अडायचा. पहिल्या सहा महिन्यांत पेपर लिहून मोकळं झालेल्याला यातलं काही दिसणं शक्यच नव्हतं. आणि श्वासनलिकेत तर सर्जन पाओलो माक्यारिनी. २०११ मध्ये त्यांनी स्टॉकहोममध्ये प्लॅस्टिकची श्वासनलिका बसवली, जगभर मथळे झाले. स्वीडनमध्ये ज्या तिघांना ती बसवली ते तिघेही आज हयात नाहीत. २०२३ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने माक्यारिनींना अडीच वर्षांची शिक्षा सुनावली. प्राण्यांवरचा पुरेसा पुरावा नसताना हे घडलं. एथिक्स कमिटीचे फॉर्म भरताना कंटाळा आला की मला हे प्रकरण आठवतं.

माझी स्वतःची फजिती सांगतो. थीसिससाठी आवाजाच्या त्रासाची प्रश्नावली वापरायची होती, व्हीएचआय. तीस प्रश्न, प्रत्येकी ० ते ४ गुण, एकूण १२०. मी एका रात्रीत मराठी करून झेरॉक्स काढल्या. त्यात एक प्रश्न होता, गोंगाट असलेल्या खोलीत लोकांना तुमचं बोलणं समजायला त्रास होतो का? एसटीचे एक कंडक्टर बराच वेळ पेन धरून बसले. मग म्हणाले, "साहेब, खोलीत कुठं असतोय मी? माझी सगळी गाडीच गोंगाट." त्यांनी शून्य दिला होता. ज्या माणसाची नोकरी आवाजापायी चालली होती त्याच्या कागदावर त्रास शून्य! भाषांतर, मराठीवरून पुन्हा मूळ भाषेत उलट भाषांतर, आधी थोड्या पेशंटांवर चाचणी, हे सगळं का करतात ते त्या दिवशी समजलं. सगळे फॉर्म बाद झाले, चार महिने गेले. शिवाय बरे झालेले लोक पुन्हा येत नाहीत. आवाज आला की ते कामाला लागतात, फोन उचलत नाहीत, आणि फॉलोअपला उरतात ते नाराज पेशंट. मग आकडे असे दिसतात की आपण सगळ्यांचं वाटोळंच केलंय.

गिळण्याकडे आपल्याकडे सगळ्यात कमी लक्ष आहे, म्हणून कामाला जागा तिथेच जास्त. सुझन लँगमोर यांनी १९८८ मध्ये नाकातून दुर्बीण घालून गिळताना बघायची पद्धत मांडली, फीस (एफईईएस) म्हणतात तिला. आम्ही दह्यात खाण्याचा हिरवा रंग घालून देतो. गंमत म्हणजे गिळण्याच्या ऐन क्षणी घसा दुर्बिणीभोवती आवळला जातो आणि पडदा पांढरा होतो. बघायला आलो तेच दिसत नाही. जे कळतं ते आधीच्या आणि नंतरच्या चित्रावरून. पट्ट्यांखाली, म्हणजे श्वासनलिकेत, हिरवं दिसलं आणि पेशंट खोकलाच नाही, तर खरी काळजी. अर्धांगवायूच्या पेशंटला "ठसका लागत नाही, म्हणजे बरं आहे" म्हणत घरचे चहा पाजत असतात आणि तो चहा फुप्फुसात जात असतो. पीटर बेलाफ्स्की आणि सहकाऱ्यांची ईएटी-१० ही गिळण्याच्या त्रासाची दहा प्रश्नांची यादी २००८ पासून आहे. तीन किंवा जास्त गुण आले की पुढे तपासायचं. साधी गोष्ट, पण साध्या मोजपट्ट्या बनवण्यातही अख्खी करिअर्स गेली आहेत.

आणि सगळंच संशोधन परदेशातलं नाही. स्वरयंत्र काढलेल्या कॅन्सरच्या पेशंटला बोलतं करणारा व्हॉइस प्रोस्थेसिस, म्हणजे घशात बसवायची छोटी झडप, सिंगर आणि ब्लोम यांनी १९८० च्या सुमारास आणला. परदेशी बनावटीचा घ्यायचा तर हजारोंचा खर्च, आणि तो काही महिन्यांनी बदलावाही लागतो. बेंगळुरूचे सर्जन विशाल राव यांनी साधारण पन्नास रुपयांत होणारा बनवला. तंबाखूच्या आपल्या मुलखात मला तो कित्येक पेपरांपेक्षा मोठा वाटतो.

परदेशी फेलोशिपचं विचारलंत. जमली तर जा, पण आधी इथल्या एखाद्या व्हॉइस क्लिनिकमध्ये स्पीच थेरपिस्टच्या शेजारी सहा महिने बसा. वीस वर्षांच्या पोराचा आवाज अजून बारीक असतो, फोनवर लोक मॅडम म्हणतात. थेरपिस्ट त्याच्या कंठमण्यावर अंगठा ठेवून मागे दाबते आणि "आ" म्हणायला लावते. एकदम खर्जातला आवाज निघतो आणि पोरगं वळून मागे बघतं, कोण बोललं म्हणून. इश्शिकींचा तिसरा प्रकार हेच करतो, सुरीने. बहुतेकांना सुरी लागत नाही, हे तुम्हाला सर्जन नव्हे, थेरपिस्ट शिकवेल.

थीसिसचा विषय अजून ठरला नसेल तर आयसीयूत जा. कोविडनंतर श्वासनलिका आवळलेले पेशंट आपण सगळ्यांनीच पाहिले. व्हेंटिलेटरसाठी श्वासनलिकेत घातलेल्या नळीच्या फुग्याचा दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका हवा, त्याहून जास्त झाला की आतल्या आवरणाचा रक्तपुरवठा तुटतो. बऱ्याच ठिकाणी तो नळीचा बाहेर राहणारा छोटा फुगा बोटांनी चिमटून ठरवतात. प्रत्येक पाळीत मोजा, लिहून ठेवा, नळी काढल्यावर दुर्बिणीने बघा, आणि तीन महिन्यांनी पुन्हा बोलवा. नोंदणी सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत, पहिला पेशंट घेण्याआधी करा, नंतर नाही. दाब मोजायचा मॅनोमीटर बहुधा भूल विभागाच्या कपाटात असतो आणि किल्ली रात्रपाळीच्या सिस्टरांकडे.