मिशनरी जातात ते कशासाठी?

प्रश्न : मिशनरी कामाचा हेतू धर्मांतर एवढाच असतो का?

उत्तर : मिशनरी कामाला आधार बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातला (२८:१९-२०) : सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा, बाप्तिस्मा (ख्रिस्ती धर्मात प्रवेशाचा विधी) द्या, शिकवा. धर्मप्रसार हा हेतू आहेच, तो लपवण्यात अर्थ नाही. पण बाप्तिस्मे मोजून काम संपत नाही. १९व्या शतकात इंग्लंडचे हेन्री व्हेन आणि अमेरिकेचे रूफस अँडरसन या मिशन-संस्थांच्या चिटणिसांनी कसोटी मांडली : स्थानिक मंडळीने (म्हणजे तिथल्या चर्चने) स्वतःचा खर्च भागवावा, कारभार चालवावा, प्रसारही करावा, मग मिशनरीने तिथून निघावे. बिघडते ते नेमके इथेच. पगार, इमारती परक्या पैशावर उभ्या असल्या की मदत आटताच मंडळी डळमळते. शाळा-दवाखाने निखळ सेवा की प्रसाराचे साधन, यावर खुद्द मिशनऱ्यांतच वाद आहे.