साडेतीन वर्षांच्या मुलीसाठी बालवाडी निवडताना नेमके काय पाहावे?

इमारत आणि रंगीत भिंती नंतर पाहा. आधी डबा खाण्याच्या वेळी अर्धा तास तिथे थांबण्याची परवानगी मागा. मुले खाण्यापूर्वी साबणाने किमान वीस सेकंद हात धुतात का, नळ आणि साबण त्यांच्या हाताला येईल इतक्या उंचीवर आहेत का, आणि प्रत्येकाचा रुमाल वेगळा आहे का, हे त्या अर्ध्या तासात कळते. ताई मुलांना बसवून खायला लावतात की पळता पळता घास भरवतात, हेही पाहा. कारण या वयात अख्खे द्राक्ष, शेंगदाणे किंवा फुटाणे श्वासनलिकेत अडकू शकतात. द्राक्षे उभी चिरूनच डब्यात द्यावीत, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

मुलीला घरी न्यायला अनोळखी माणूस आला तर काय करता, हा प्रश्न जरूर विचारा. ताप येऊन गेलेल्या मुलाला औषध न देताही चोवीस तास ताप आला नसेल तरच जी शाळा परत घेते, ती कडक वाटली तरी तीच बरी.

शिकण्याबाबत सांगायचे तर, पेन्सिल धरण्याची घाई करू नये. मणी ओवणे, पीठ मळणे, चिंचोके निवडणे यांतून बोटांचे स्नायू तयार होतात आणि लिहिणे पुढे सोपे जाते. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत काम सुरू केले, तेव्हा परिसरातल्या अशाच साध्या वस्तूंमधून बालशिक्षण उभे केले होते. गृहपाठाच्या वह्या दाखवणाऱ्या शाळेपेक्षा मातीने हात माखलेली मुले दिसणारी शाळा मी निवडेन.